रेडिएशन विभागाचा अभिप्राय: मशीन उत्तम, बाकीचं आधी विचारून घ्या

उपचार सुरू होण्याआधी मी या विभागाबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले सगळे अभिप्राय वाचून काढले होते. त्यांचे दोनच प्रकार. पहिल्या आठवड्यात लिहिलेले: स्टाफ चांगला, एसी आहे, गाडी लावायला जागा आहे. आणि शेवटच्या दिवशी, पेढ्यांचा पुडा वाटून झाल्यावर लिहिलेले: डॉक्टर म्हणजे देवमाणूस. दोन्ही खोटे नाहीत. पण लाईटचा (रेडिएशनला आम्ही लाईटच म्हणतो) खरा हिशेब शेवटच्या दिवसानंतर लागायला सुरुवात होते, आणि तेव्हा कुणी लिहायला बसत नाही. मी दीड वर्ष थांबून लिहितोय. हॉस्पिटलचं नाव घालत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि फॉलोअपला मला अजून तिथंच जायचंय. पश्चिम महाराष्ट्रातलं ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल, एवढं पुरे.

माझं वय ५४. सांगली जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल, गिरणीच्या मोटरी, रसवंतीवाल्यांच्या उन्हाळ्यात. तंबाखू-चुना विशीपासून. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांजवळ जखम झाली, भरेना, बायोप्सीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन दुसरीकडे झालं. गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस फिरवून गाल भरला. त्याचा रिपोर्ट आला त्यात मानेतली एक गाठ फुटून रोग तिच्या आवरणाबाहेर आलेला. म्हणून ६० ग्रे (हे किरणांच्या डोसाचं माप) रेडिएशन, रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, आणि जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन.

पहिल्याच भेटीत मी रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमना विचारलं, नुसत्या लाईटवर भागणार नाही का, केमो कशाला? मॅडमनी उडवून लावलं नाही. गाठ फुटलेल्या किंवा कडेला रोग राहिलेल्या रुग्णांवर युरोपात चाचणी झाली होती, २००४ साली छापून आली, त्यातले आकडे कागदावर लिहून दाखवले. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांतले पाच वर्षांनी ४० टक्के हयात, केमो जोडलेल्यांतले ५३ टक्के. म्हणाल्या, "मामा, शंभरात तेरा माणसं. त्रास वाढणार हे खरं, पण तेरा कमी नाहीत." मग दर आठवड्याला का, तीन आठवड्यांनी एकदा का नाही, हेही विचारलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१८ च्या चाचणीत आठवड्याचा ३० मिलिग्रॅमचा डोस कमी पडला होता. दोन वर्षांनी रोग आटोक्यात राहिलेले ५८ टक्के, आणि तीन आठवड्यांनी १०० चा मोठा डोस घेतलेल्यांत ७३ टक्के. पुढे जपानमध्ये ऑपरेशन झालेल्यांवरच चाचणी झाली, तिच्यात आठवड्याला ४० चा डोस मोठ्या डोसाच्या तोडीस तोड निघाला आणि किडनीला, कानाला सोसवतोही बरा. म्हणून माझ्यासाठी ४० चा हिशेब धरला. (हे डोस अंगाच्या चौरस मीटरमागे असतात, सरसकट नाही.) माझी पुतणी फार्मसीला आहे, तिनं घरी जाऊन हे आकडे पडताळून पाहिले. बरोबर होते. पेशंटला आकडे सांगणारी डॉक्टर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि याचे पूर्ण गुण मी देतो.

आता मशीन. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण मला त्यात गोडी आहे.

आधी मास्क बनवतात. भोकं असलेली पांढरी प्लॅस्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर, खांद्यापर्यंत ताणून बसवतात. पाच-दहा मिनिटांत घट्ट होते. पहिल्यांदा जीव घुसमटतो, नाकातोंडातून हवा व्यवस्थित येते तरी. मग मास्क घालूनच सीटी स्कॅन. त्यानंतर आठवडाभर बोलावणं नाही. आमच्या घरी सगळे चिडले की रोग वाढतोय आणि हे बसून आहेत. ते बसून नसतात. डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक कापावर रोगाची जागा आणि वाचवायच्या जागा हातानं आखतात: मणक्यातली दोरी, पलीकडची लाळग्रंथी, गिळायचे स्नायू. मग फिजिसिस्ट कॉम्प्युटरवर डोस बसवतो आणि पेशंटला हात लावण्याआधी मशीनवर तपासून घेतो. हा आठवडा वाया गेला असं समजू नका. घाई करणाऱ्या सेंटरपेक्षा हा आठवडा घेणारं सेंटर बरं.

लाळग्रंथी वाचवण्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. इंग्लंडमध्ये पार्सपोर्ट नावाची चाचणी झाली, २०११ साली निकाल आला. जुन्या पद्धतीनं लाईट घेतलेल्यांत वर्षभरानंतरही ७४ टक्के लोकांचं तोंड त्रासदायक कोरडं होतं, आयएमआरटी म्हणजे डोस आकार देऊन टाकायच्या पद्धतीत ३८ टक्के. निम्म्यावर आलं. रोग आटोक्यात राहण्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे नवीन तंत्रानं माणूस जास्त जगतो असं नाही, जगलेला माणूस जेवू शकतो. बोर्डावर "अत्याधुनिक" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच घ्यावा.

मशीन लिनॅक, म्हणजे विजेवर किरणं तयार करणारं. त्याच्या तोंडात टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात, समोरासमोर दोन रांगा. आमच्या मशीनला १२०. प्रत्येक पट्टी आतबाहेर सरकते आणि किरणांच्या वाटेला हवा तो आकार देते, मशीन फिरता फिरता आकार बदलत जातो. आणि प्रत्येक पट्टीला स्वतःची वेगळी मोटर! एवढीशी डीसी मोटर, करंगळीपेक्षा बारीक. हे फिजिसिस्ट साहेबांनी सांगितल्यावर मी मास्कमध्ये पडून तोच आवाज शोधायचो. टिकटिक, खरखर येते बारीक. बाकी काही जाणवत नाही, चटका नाही, कळ नाही. लाईट चालू असताना बीप वाजते, खोलीत आपण एकटे, बाहेर पोरं कॅमेऱ्यावर बघत असतात. आत-बाहेर धरून पंधरा मिनिटं. रोज आधी छोटा स्कॅन काढून जागा जुळवतात, दोन-तीन मिलिमीटर सरकलं असेल तर टेबल आपोआप हलतं. टेक्निशियन पोरांनी एक दिवसही हा स्कॅन टाळला नाही, बाहेर कितीही गर्दी असो. पूर्ण गुण.

किरणोत्सारी कोबाल्टचं जुनं मशीन शेजारच्या खोलीत आहे, ते हाडाच्या दुखण्यासाठी वगैरे वापरतात. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे सोर्स जुना झाला की तेवढ्याच डोसाला टेबलावर जास्त वेळ पडावं लागतं. वाईट मशीन नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन नावाचं देशी कोबाल्ट मशीन काढलंय आणि गरिबाघरच्या पुष्कळ लोकांचं त्यावर भागलंय. पण तोंड-घशाच्या रोगाला, लाळग्रंथी वाचवायची असेल तर, लिनॅक कुठं मिळतंय ते विचारा.

मधे मशीन बंद पडलं. एका पट्टीची मोटरच गेली. मी हसलो आणि मग घाबरलो, कारण पुतणीनं सांगितलेलं डोक्यात होतं: तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये लाईटचा कोर्स लांबला तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्काभर उतरते. रोगाच्या पेशी मधल्या सुट्टीत पुन्हा वाढतात. इथं हॉस्पिटलनं चोख काम केलं. कंपनीचा इंजिनिअर रात्री आला, त्यांनी शनिवारी विभाग उघडला, आणि ज्यांचा कोर्स संपत आलेला त्यांना एके दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा दिलं, मधे सहा तास सोडून, म्हणजे चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. पलूसचे एक आजोबा एसटी चुकेल म्हणून संध्याकाळची पाळी नको म्हणत होते, सिस्टरनी त्यांची वॉर्डात झोपायची सोय केली. तुमच्या सेंटरला आधीच विचारा: मशीन बंद पडलं तर बुडालेला दिवस भरून देता का? "पुढं ढकलतो" असं उत्तर आलं तर दुसरं सेंटर बघा.

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा आणि ऑपरेशनचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीवर जायचं, मंजुरीला काही दिवस लागतात. योजनेत बसलेल्या उपचाराचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तरी काउंटरवर मला "प्लॅनिंग चार्ज" म्हणून रोख भरायला सांगितलं, पावती साध्या कागदावर. मी आरोग्यमित्राला विचारलं, तो खाली बघायला लागला. मग मी तिथंच उभा राहून योजनेच्या १५५३८८ नंबरला फोन लावला. फोन वाजेपर्यंत काउंटरवरून "मामा, थांबा, बघतो" आलं आणि चार्ज नाहीसा झाला. ज्यांना फोन लावायचं माहीत नव्हतं त्यांचा नाहीसा झाला नसणार. याचे गुण शून्य. रेल्वेची सवलत मात्र नीट मिळते. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकालाही मोठी सूट. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो, ऑफिसातल्या बाई तो लगेच करून देतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते.

पहिला आठवडा काहीच होत नाही. लोक म्हणतात, अरे, हे तर सोपं आहे. मी दुकानात जाऊन बसायचो. दुसऱ्या आठवड्यात चव गेली. आधी गोड गेलं, मग सगळंच. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. तिसऱ्यात तोंड आतून लाल झालं, मग पांढरे चट्टे, आणि लाळ डिंकासारखी. थुंकावी तर तुटत नाही, गिळावी तर उतरत नाही. रात्री उशाशी तांब्या आणि वाटी. चौथ्या-पाचव्यात मानेची कातडी काळी पडली, सोलली, कॉलरच्या रेषेवर ओली झाली. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी. जेवण बंद म्हणजे बंद.

हे सगळं होणारच होतं. प्रत्येक सेंटरला होतं, कमी-जास्त. याची तक्रार नाही. तक्रार ही की मशीनच्या खोलीत मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा विभाग, मशीनच्या खोलीबाहेर पेशंट आला की हिशेब सोडून देतो. आठवड्यातून एकदा डॉक्टर बघतात, तो वार ठरलेला. त्या दिवशी बाहेर साठ-सत्तर माणसं, आत ज्युनियर डॉक्टर. तोंड उघडा, बॅटरी, "चालायचंच मामा, मिठाच्या गुळण्या करा," पुढचा. वजन कुणी केलं नाही. काटा होता, बंद होता. माझं वजन आमच्या शेजारच्या धान्याच्या दुकानात केलं तेव्हा कळलं की किती उतरलंय, आणि तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून नेला तेव्हा नाकातून नळी घालायचं ठरलं. दोन आठवडे आधी ठरायला हवं होतं.

नळीबद्दल: घाबरू नका, लवकर घालून घ्या. वॉर्डातल्या सिस्टरनी आमच्या मंडळींना जे शिकवलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. आधी पिचकारीनं ओढून बघायचं, नळी पोटातच आहे ना, पेशंटला बसवून घ्यायचं, सावकाश सोडायचं, शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची, नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं आणि चुकल्यावर रागावल्या पण. त्या सिस्टरना विभागाचं मुख्य केलं पाहिजे.

आहारतज्ज्ञ मॅडमनी दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यात ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट. आमच्या गावात ब्रोकोली बघितलेला माणूस नाही. मंडळींनी कागद घडी करून कपाटात ठेवला आणि नाचणीची पातळ आंबील, मुगाचं कढण, दुधात उकडलेलं अंडं कालवून, शेंगदाणे भिजवून मिक्सरमधून काढलेलं दूध असं सगळं तलम धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून दर दोन तासांनी नळीतून घातलं. नळी एकदाही तुंबली नाही. वजन थांबलं. डब्यांच्या पावडरीचे हजारो रुपये वाचले ते वेगळे. हे मी त्या मॅडमना सांगितलं, त्यांनी खरोखर वहीत लिहून घेतलं, याचंही कौतुक.

दातांचं ऐका, ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. लाईट जिथून जाते त्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. नंतर दात काढला की ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. वर्षांनीसुद्धा. म्हणून किडके, हलणारे दात लाईटच्या आधीच काढायचे आणि जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. दुसरीकडे ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत लाईट सुरू व्हायला हवी. म्हणजे दातवाला ऑपरेशनच्या टाके निघायच्या सुमारासच गाठायला हवा. या विभागात दंतवैद्य नाही. चिठ्ठीवर "डेंटल चेकअप" एवढं लिहिलं, का ते सांगितलं नाही. मी गेलो कारण आमच्या तालुक्याचे दंतवैद्य मोटर भरायला माझ्याकडे येतात आणि त्यांनी स्वतःहून बोलावलं. दोन दाढा काढल्या, बाकीच्यांना फ्लोराइडचा जेल दिला, तो आजही रोज लावतो. माझ्या पुढच्या नंबरचा जतकडचा एक माणूस होता, पस्तिशीचा. त्याला ती चिठ्ठी म्हणजे दात घासून या असं वाटलं. लाईट संपल्यावर सात-आठ महिन्यांनी दाढ दुखली म्हणून त्यानं गावात काढून घेतली. मागच्या फॉलोअपला भेटला तेव्हा हनुवटीखालून पू येत होता आणि जबड्याच्या आणखी एका ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कॅन्सर त्याचा गेलाय. रिपोर्ट स्वच्छ आहे.

तोंड उघडण्याचं मी वर्निअरनं मोजतो, दुकानात आहेच. वरच्या आणि खालच्या दाताच्या कडांमधलं अंतर. ऑपरेशननंतर ३२ मिलिमीटर होतं. ३५ च्या खाली गेलं की तोंड आखडलं असं धरतात. लाईट संपून तीन-चार महिन्यांनी १९ वर आलं. तोपर्यंत फोड बरे झालेले, चव थोडी परतलेली, आणि मला वाटत होतं सुटलो. स्नायू आतून घट्ट होत जातात ते दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. व्यायाम लाईट चालू असल्यापासून करायला हवा होता आणि विभागात फिजिओथेरपिस्ट असूनही, दुसऱ्या मजल्यावर, कुणी वर पाठवलं नाही. मी आपला आपण जाऊन विचारलं. तिनं आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या: एकावर एक रचून दातांमधे सरकवायच्या, ताण सहन होईल तेवढा, थोडा वेळ धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जमेल तशी एक काडी वाढवायची. दुकानात गिऱ्हाईक बोलत असतं आणि मी तोंडात काड्या घालून मान हलवत असतो. आता २८ वर आहे. भाकरी तोडून घालता येत नाही, आमटीत कुस्करून खातो. कांदा-लसूण मसाला अजून सोसत नाही, आणि सांगलीत राहून हे काय भोगणं आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही.

शेवटच्या दिवसाचं तर मी सगळ्यांना सांगतो. शेवटची लाईट झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मंडळींनी पेढे वाटले, "एका महिन्यानं या" म्हणून कागद मिळाला. आम्हाला वाटलं आता उतार. त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यांत वाईट गेले. डोस अंगात साचत आलेला असतो, त्याचा जोर लाईट थांबल्यावरही चढत राहतो आणि मग उतरतो. हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर रात्री अडीच वाजता मंडळी घाबरून रडली नसती. हॉस्पिटलच्या फोनवर रिंग वाजत राहिली. गावातल्या डॉक्टरांनी तोंडातला पांढरा थर बघून बुरशी ओळखली, फ्लुकोनॅझोल दिलं, दुखण्याचे थेंब वाढवले. पाचव्या दिवशी घोटभर ताक उतरलं.

आणखी दोन गोष्टी, ज्या रेडिएशनच्या कागदावर बारीक अक्षरात होत्या किंवा नव्हत्याच. वर्षभरानं मला सारखी झोप, थंडी, अंग जड. सगळे म्हणाले लाईटचा थकवा. गावातल्या डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली, वाढलेली निघाली. मानेवर लाईट घेतलेल्यांत थायरॉइड मंदावणं अगदी नेहमीचं आहे, सहा-बारा महिन्यांनी साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं, रोज एक गोळी घेतली की भागतं. फॉलोअपला मान चाचपतात, कॅमेरा घालतात, पण ही तपासणी मी स्वतः मागतो तेव्हा लिहून देतात. दुसरी गोष्ट लाईटची नाही, सिस्प्लॅटिनची: बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले. बेअरिंग घासतंय की नाही हे मी मोटर चालू करून लांबूनच सांगायचो. आता स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीला टेकवून मूठ कानाशी धरतो, तेव्हा कळतं. पोरगा हाताशी आहे, तो ऐकतो. केमोच्या आधी कानाची तपासणी करून ठेवली असती तर मधेच डोस बदलायचा विचार तरी झाला असता. तुम्ही करून घ्या.

शेजारपाजारच्यांनी नातवंडांना माझ्याजवळ पाठवणं बंद केलं होतं, किरणं लागतील म्हणून. बाहेरून दिलेली लाईट मशीन बंद झालं की संपली, अंगात काही उरत नाही. हे टेक्निशियन पोरानं माझ्या सुनेला फोनवर समजावलं, जेवणाच्या सुट्टीत. तिनं त्याच संध्याकाळी नातवाला आणून मांडीवर दिलं.

तर गुण. उपचाराचा निकाल: आजपर्यंतच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ, आणि असा रोग परतला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच परततो, म्हणजे अजून सहा महिने धाकधूक आहेच. पाचपैकी पाच. मशीन, फिजिसिस्ट, टेक्निशियन: पाच. मॅडम: पाच, त्यांना वेळ मिळाला तर. सिस्टर: पाचाच्या वर. काउंटर: शून्य. दुष्परिणामांची काळजी: दोन, त्यातला एक फिजिओच्या काड्यांचा. हॉस्पिटलला माणसं नेमायला पैसे नाहीत हे मला कळतं. पण दुरुस्त वजनकाटा, मराठीत एक कागद आणि रात्री उचलला जाणारा एक फोन, याला लिनॅकच्या एका पट्टीच्या मोटरीएवढाही खर्च नसेल.

बाकी तिथं जाणारच असाल तर: सकाळची पहिली वेळ मागून घ्या, मशीन तापलेलं नसतं म्हणून नव्हे, एसटी मिळते म्हणून. गळाबंद शर्ट नको, पुढून उघडणारा, मऊ, बिनकॉलरचा. मानेवर मॅडमना विचारल्याशिवाय काहीही लावू नका, हळद-तूपसुद्धा. दाढी त्या बाजूला करू नका, तशी ती उगवणारही नाही. मुख्य इमारतीमागची धर्मशाळा स्वच्छ आहे, पण तिथं चूल पेटवू देत नाहीत, इंडक्शन न्या.

आणि कँटीन. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरची माणसं दिवसभर बसतात तिथल्या कँटीनमध्ये मिसळ, वडा आणि तर्री. मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली होती की निदान मऊ भात तरी ठेवा. मागच्या वेळी गेलो तर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: "गुरगुट्या भात, ताक घालून, २० रुपये." माझ्या चिठ्ठीमुळंच असेल असं नाही. खाऊन बघितला. मीठ जास्त होतं, ते परत चिठ्ठीत लिहून टाकलंय.